शेवटचा हात कुणाचा

यंत्र असं कधी बिघडतच नाही, बिघडतो तो माणूस, आणि यंत्र बिचारं फक्त त्याची चुगली करतं, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आहे आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. राहणार कोडोली. उभी नोकरी वारणानगरच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये गेली. आता निवृत्त आहेत, म्हणजे पगार थांबला एवढंच. पंचक्रोशीत कुठंही मॉनिटर काळा पडला, चित्र थरथरायला लागलं, भिंतीवर 'नो सिग्नल' अशी अक्षरं इकडून तिकडं फिरायला लागली की आजही पहिला निरोप दाजींना जातो. गाव त्यांना तात्या म्हणतं. निरोप आला तरी दाजी लगेच उठत नाहीत. आधी म्हशींच्या धारा होतात, कारण त्यांच्या मते मॉनिटर थांबतो, म्हैस थांबत नाही. मग दुधाची जुनी किटली मोटरसायकलला अडकवून ते निघतात. किटलीत दूध नसतं, केबली असतात. जाड, बारीक, निळ्या तोंडाच्या, काळ्या तोंडाच्या, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. एकदा रस्त्यात एका नवख्या माणसाने त्यांना हात करून लिटरभर दूध मागितलं. दाजींनी गाडी बाजूला घेतली, झाकण उघडून त्याला आत बघू दिलं आणि पुढे गेले.

कामाच्या जागी पोचल्यावर कुणीही दुसरा माणूस यंत्राकडे जाईल. दाजी खुर्ची मागवतात. खुर्चीत बसून, किटली पायाशी ठेवून ते जमलेल्या मंडळींवरून एकदा नजर फिरवतात आणि विचारतात, "शेवटचा हात कुनाचा?" हा त्यांचा पहिला आणि लाडका प्रश्न. याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावत नाहीत. गावातल्या पतसंस्थेत एकदा सकाळी मॉनिटर काळा पडला. बाहेर खातेदारांची रांग लागलेली, आणि आत दाजी एकेका कर्मचाऱ्याला समोर बोलावून त्याची जबानी घेताहेत. काल शेवटी कोण बसलं होतं, उठताना खुर्ची कुठल्या अंगाला सरकवली, पंखा कुणी लावला. दुपारच्या सुमारास मॅनेजरसाहेबांनीच कबूल केलं की सकाळी जेवणाचा डबा ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तो मॉनिटरच्या मागे सरकवला होता. डबा ओढल्यावर केबल बाहेर लोंबकळताना दिसली. मी नंतर दाजींना विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? "दारातनंच दिसली की केबल," दाजी म्हणाले. मग इतका वेळ? "पावणं, केबल काय, एका बोटानं खोचली. पर मानूस कुनी खोचायचा? उद्या परत डबा ठेवंल की त्यो." मॅनेजरसाहेब तेव्हापासून घरी जेवायला जातात.

मी कोल्हापुरात कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे प्रोजेक्टरशी माझं नातं भीतीचं आहे. एकदा एका चर्चासत्रात माझं भाषण सुरू व्हायच्या वेळी लॅपटॉपवर सगळं दिसत होतं आणि भिंतीवर काहीच नव्हतं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. मी लॅपटॉपपाशीच वाकून दाजींना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे म्हैस ओरडत होती. दाजींनी आधी शेवटचा हात कुणाचा ते विचारलं. मी माझा म्हटल्यावर ते समाधानाने "वाटलंच" म्हणाले आणि पुढे सांगू लागले, "खिडकीचं चित्र हाय न्हवं का त्या बटनावर, ते दाबून धरा. धरलं? आता पी दाबा. चार घरं दिसतील, दुसऱ्या घरात जावा." मी दुसऱ्या घरात गेलो आणि भिंतीवर माझं नाव आलं. आभार मानून फोन ठेवणार, तर दाजींचं संपलेलं नव्हतं. "लक्षात ठेवा, बिघाड न्हवता. नवराबायकू एकमेकांशी बोलंनात म्हंजे मोडलं असं नसतंय. एकाचं तोंड भितीकडं असतंय, एवढंच. फिरवायचं." हे वाक्य फोनच्या स्पीकरवरून सभागृहातल्या पहिल्या दोन रांगांनी ऐकलं. त्या दिवशी माझ्या भाषणापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

त्यांची निष्ठा तर काय सांगावी. गावच्या शाळेत बक्षीस समारंभ होता आणि छताला उलटा टांगलेला नवा प्रोजेक्टर पहिल्यांदाच लावला होता. प्रमुख पाहुण्यांचा मोठा फोटो भिंतीवर आला तो डोकं खाली, पाय वर असा. पाहुणे स्वतः खाली बसून आपल्याच फोटोकडे मान वाकडी करून बघत होते. चित्र सुलटं करायची सोय यंत्रातच असते, पण ती ज्या यादीतून शोधायची ती यादीही उलटीच दिसत होती. दुसरा कोणी असता तर त्याने अंदाजाने बटणं दाबली असती. दाजींना अंदाज मान्य नाही. ते टेबलावर चढले, भिंतीकडे पाठ केली, कमरेत वाकले आणि स्वतःच्या दोन पायांच्या मधून भिंतीवरची यादी नीट वाचून काढली. अशा अवस्थेत त्यांनी रिमोट चालवला. पाहुणे सुलटे झाले. दाजी खाली उतरले, धोतराची निरी ठीक केली आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "टांगनाऱ्याला बलवा. शेवटचा हात त्येचा."

त्यांचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच वस्तू बदलायची. केबल बदलली तर लॅपटॉप तोच ठेवायचा, लॅपटॉप बदलला तर केबल तीच ठेवायची, आणि असं करत करत शेवटी जे सगळीकडे सारखं राहिलं, दोष त्यात. हा नियम फार चांगला आहे. दाजींनी तो घरातही चालवला, तिथे तो तितका चांगला ठरला नाही. एकदा त्यांना आमटी अळणी लागायला लागली. झालं. एक दिवस मीठ बदललं, दुसऱ्या दिवशी पातेलं, तिसऱ्या दिवशी डाळ दुसऱ्या दुकानातून आणली. अक्का, म्हणजे माझी बहीण, हे सगळं शांतपणे करत राहिली. घरातल्या बाकीच्यांना आमटी पहिल्यापासून झकास लागत होती. शेवटी तिने ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "समदं बदलून झालं. आता खानारा तेवढा बदलायचा ऱ्हायलाय, बगा जमतंय का." दाजी जेवले. त्यांना ताप होता, हे संध्याकाळी कळलं. अक्काचं हे वाक्य आमच्या घरात पुढे बरीच वर्षं चाललं. जावयापासून सासऱ्यापर्यंत कुणीही जेवणाला नाव ठेवलं की आम्ही म्हणतो, खाणारा बदला.

तर असे हे दाजी. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं की गावातले सगळे पडदे पिवळे पडत चालले आहेत. सुरुवात घरच्या टीव्हीपासून झाली. मग पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायत, दूध संस्था, बसस्टँडजवळचा फोटो स्टुडिओ. "रंग तापलाय," दाजी सांगत, "थंड करायला पायजे." रंग गरम-थंड करायची सोय या यंत्रांत असते, तेवढं खरं आहे. थंड केलं की पांढऱ्यात निळी झाक येते. दाजी थंड करत गेले, उजेड वाढवत गेले आणि मागे सरकून म्हणत गेले, "आता कसं धुतल्यागत झालं." गावाला ते धुतल्यागत दिसत नव्हतं, निळं दिसत होतं. शाळेच्या पडद्यावर राजस्थानच्या वाळवंटाला समुद्राची कळा आली. पतसंस्थेचा कॅशियर गॉगल घालून काऊंटरवर बसायला लागला. स्टुडिओवाल्याने दाजींनी नीट केलेल्या मॉनिटरवर बघून, निळं घालवायला पिवळं वाढवत एका लग्नाचे फोटो सुधारले आणि छापून आल्यावर अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं निघालं. नवरीच्या आईने तर मुलीला जन्मात कधी कावीळ झालेली नाही, असं व्याह्यांना आधीच सांगून टाकलं.

आणि तरीही दाजींना कोणी एका शब्दाने काही बोललं नाही. हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. एरवी कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलायला मागेपुढे बघत नाही, तुमचा शर्ट आवडला नाही तर रस्त्यात थांबवून सांगेल. पण जो माणूस हाक मारली की किटली घेऊन येतो, चहाशिवाय काही घेत नाही, त्याला तुझंच चुकतंय म्हणून कसं सांगणार? काही जण दाजींची पाठ वळली की रंग परत पहिल्यासारखे करून ठेवत आणि ते येणार असं कळलं की पुन्हा निळे करत. बाकीच्यांनी निळ्याची सवय करून घेतली. भाऊबीजेला अक्का-दाजी आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी आमचाही टीव्ही थंड करून दिला. ते गेल्यावर माझी बायको रिमोट घेऊन उठली, तर मीच म्हटलं, राहू दे, दाजींचा हात लागलाय.

दोष कुठे होता हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याही आलं होतं. दाजी चहा कपाच्या बाहेर ओतू लागले होते. म्हशीला दुसऱ्याची म्हैस समजून हाकलत होते. अक्काने डोळ्यांचं नाव काढलं की म्हणत, "डोळं चांगलं हायत. ह्या नव्या दिव्यांत दम न्हाय." मग एक दिवस दिवेलागणीला वारणानगरहून येताना उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती ती त्यांना दिसलीच नाही. मोटरसायकल शेवटच्या क्षणी वळली, दाजी उसाच्या सरीत आणि किटली रस्त्यावर. खरचटण्यावर निभावलं. घरी येऊन त्यांनी ट्रॉलीचा शेवटचा हात कुणाचा याची चौकशी सुरू केली. अक्काने त्या रात्री मला फोन केला. ती कधी रडत नाही, तेव्हाही रडली नाही. फक्त म्हणाली, "अरं, तू सांग त्यास्नी. माजं ऐकंनात. डाक्टरास्नी मी इचारलं, मोतीबिंदूच असंल म्हंत्यात, लई पिकू दिला तर अवघड हुईल." आता बहिणीच्या नवऱ्याला, सगळ्या घराने ज्याला पहिल्या पंगतीला बसवलं त्या माणसाला, त्याच्यातच खोट आहे हे बायकोच्या भावाने सांगायचं, ही गोष्ट आमच्यात बसत नाही. मी कोडोलीला गेलो. दोन कप चहा प्यालो. हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि शेवटी हळूच विचारलं, दाजी, डोळे एकदा दाखवून घेऊया का? दाजी माझ्याकडे बघून कीव आल्यासारखे हसले. "पावणं, एकेक तपासत आलोय की मी. डोळ्याचा नंबर लागला की सांगतो." मी परत आलो. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

त्यानंतर आली दूध संस्थेची वार्षिक सभा. म्हशी अक्काच्या नावावर आहेत, त्यामुळे सभासद ती. दाजी मानाने प्रोजेक्टरपाशी. रविवार होता, अक्काने मलाही बोलावून घेतलं होतं, मी दाराजवळ बसलो. चेअरमननी अहवाल वाचायला घेतला, भिंतीवर पहिलं पान आलं, आणि दाजींनी हात वर केला. "थांबा. पान पिवळं हाय." पान पांढरं होतं, सगळ्या सभेला ते दिसत होतं. चेअरमन थांबले. दाजींनी किटलीतून दुसरी केबल काढून लावली. पिवळंच. सेक्रेटरींच्या पुतण्याचा लॅपटॉप मागवला. पिवळंच. मग शाळेतून दुसरा प्रोजेक्टर आला, तो येईपर्यंत सभासदांनी दोनदा चहा घेतला. तोही पिवळा. शेवटी दाजींनी प्रोजेक्टर फिरवून समोरच्या भिंतीवर टाकला आणि सगळी सभा खुर्च्या उलट्या करून बसली. कोणी कुरकुरलं नाही. माझ्या शेजारचे एक म्हातारे सभासद एवढंच पुटपुटले, "तात्या म्हंतोय तर असंल बाबा पिवळं."

दाजी भिंतीसमोर उभे राहिले आणि नेहमीच्या पद्धतीने मोठ्याने हिशोब मांडू लागले. "केबल बदलली. ल्यापटॉप बदलला. मिशीन बदललं. भित बदलली." ते थांबले. नियमाचा पुढचा भाग त्यांनीच आम्हाला हजारदा ऐकवला होता. "मग सारखं काय ऱ्हायलं?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी चपलेकडे बघत होता. मग बायकांच्या बाजूने अक्का उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी घरात बोलते तशा आवाजात म्हणाली, "अवो, खानारा ऱ्हायला की."

दाजींनी तिच्याकडे वळून बघितलं. गावाला त्या वाक्याचा अर्थ लागला नसेल, त्यांना लागला. अक्का म्हणाली, "एका वक्ताला एकच. एक डोळा झाका."

दाजींनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि भिंतीकडे बघितलं. मग उजवा झाकला आणि बघितलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. हे त्यांनी घाई न करता, एखाद्या केबलची दोन टोकं तपासावीत तसं केलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती, फक्त दोष सापडल्यावर येते ती शांतता होती. मला त्या वेळी त्यांचा जितका अभिमान वाटला तितका कुणाचाही कधी वाटलेला नाही. "भित एकच," ते स्वतःशीच म्हणाले, "आनि रंग दोन." मग हात खाली घेऊन ते चेअरमनना म्हणाले, "चालू द्या सायेब. पडदा चांगला हाय." आणि प्रोजेक्टरपासची खुर्ची सोडून मागे सभासदांत जाऊन बसले. चेअरमननी खाकरून, जणू काहीच झालं नाही अशा आवाजात, गेल्या वर्षीच्या दुधाचं वाचायला सुरुवात केली.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं, मुक्काम आमच्याकडे. डॉक्टरांना दाजींनी आत जायच्या आधी विचारलं की तुम्ही एका वेळी एकच डोळा बदलणार ना. डॉक्टर हो म्हणाल्यावर ते निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. काळा चष्मा घालून दाजी घरी आले, हॉलमध्ये बसले आणि चष्मा जरा वर करून चोरून टीव्हीकडे बघू लागले. बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणारी मुलगी निळी होती, तिच्यामागची भिंत निळी होती, खाली सरकणारी अक्षरंसुद्धा निळसर. दाजी कितीतरी वेळ बघत राहिले. मग सवयीने, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "शेवटचा हात कुनाचा?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोने खिडकीबाहेर बघितलं. अक्का लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "माजा."

अक्काने जन्मात कधी रिमोटला हात लावलेला नाही. टीव्ही बंद करायचा तर ती भिंतीवरचं बटण बंद करते. हे दाजींना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ते वळले, काळा चष्मा पूर्ण काढला, आणि नव्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. बघत राहिले. टीव्हीवर हवामान सुरू झालं.

"तुजं क्यास कवा पिकलं गं?" दाजी म्हणाले.

"तुमी केबली बदलत हुता तवा," अक्का म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

दाजींनी रिमोट उचलला आणि कुणाचीही जबानी न घेता रंग पहिल्यासारखे केले. दुसरा डोळा झाल्यावर ते किटली घेऊन गावभर फिरले आणि आपणच थंड केलेले सगळे पडदे एकेक करून ठिकाणावर आणले. कुठेही त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, आणि कुठेही कुणी त्यांना विचारला नाही. पण पहिली पट्टी निघाली त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं. वातावरण हलकं करावं म्हणून माझी बायको अक्काला म्हणाली, अहो वन्सं, हल्ली छान रंग मिळतात केसांना, आज संध्याकाळी लावून देते. अक्का काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "रंगाला कुनी हात लावायचा न्हाय. आत्ता कुटं बरोबर दिसाया लागलंय." अक्का लसणाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.